डिझेल ट्रकला सिंथेटिक ऑइल घालावं की मिनरल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑइल निवडताना बहुतेक जण सुरुवातच “सिंथेटिक की साधं?” इथून करतात. माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. आधी इंजिन कंपनीने कोणतं मानक मागितलंय ते पाहायचं, मग ग्रेड, म्हणजे ऑइलचा दाटपणा सांगणारा १५डब्ल्यू-४० सारखा आकडा, ठरवायची, आणि त्यानंतर सिंथेटिकसाठी जादा पैसे मोजायचे का ते बघायचं. हा क्रम उलटा केला की महागडं ऑइल घालूनही इंजिनाचं नुकसान होऊ शकतं.

सिंथेटिक आणि मिनरलमध्ये नेमका फरक काय?

फरक बेस ऑइलचा आहे. डिझेल इंजिन ऑइलमध्ये मोठा भाग बेस ऑइलचा असतो आणि साधारण १५ ते २५ टक्के भाग त्यात मिसळलेल्या रसायनांचा, म्हणजे अॅडिटिव्हचा. काजळी धरून ठेवणं, आम्ल मारणं, धातूवर संरक्षक थर चढवणं, फेस होऊ न देणं, तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ न देणं ही कामं अॅडिटिव्ह करतात. ती दोन्ही प्रकारांत असतात.

बेस ऑइलचे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे एपीआयने, पाच गट केले आहेत. गट १ आणि गट २ म्हणजे मिनरल. गट १ जुन्या सॉल्व्हंट पद्धतीने शुद्ध होतं. गट २ वर हायड्रोजनची प्रक्रिया होते, त्यामुळे त्यात गंधक ०.०३ टक्क्यांच्या आत असतं आणि ते उष्णतेत लवकर बिघडत नाही. गट ३ सुद्धा सहसा कच्च्या तेलातूनच निघतं, पण प्रक्रिया इतकी कडक असते की व्हिस्कॉसिटी इंडेक्स १२० किंवा त्यावर जातो. म्हणजे तापमान वरखाली झालं तरी दाटपणा कमी बदलतो. गट ४ म्हणजे पीएओ, यात लहान रेणू जोडून हव्या त्या लांबीचा रेणू कारखान्यात तयार करतात. उरलेलं सगळं, एस्टर धरून, गट ५ मध्ये जातं.

यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मिनरल म्हटलं की अजूनही लोकांच्या डोळ्यांसमोर जुनं गट १ चं ऑइल येतं. आज चांगल्या दर्जाचं १५डब्ल्यू-४० बहुतेक वेळा गट २ वर बनतं. ते हलक्या दर्जाचं ऑइल नाही, आणि सिंथेटिकमधलं आणि त्याच्यातलं अंतर पूर्वीपेक्षा बरंच कमी झालंय.

गट ३ कच्च्या तेलातूनच निघतं, मग त्याला सिंथेटिक म्हणणं ही फसवणूक नाही का?

हा वाद जुना आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध जाहिरातींच्या स्वयंनियमन मंडळाकडे हीच तक्रार नेली होती आणि निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून गट ३ ची ऑइलं बहुतेक देशांत सिंथेटिक म्हणूनच विकली जातात. जर्मनीत मात्र “पूर्ण सिंथेटिक” या शब्दाबाबत नियम कडक आहेत.

ट्रकमालकाने या वादात वेळ घालवू नये असं मला वाटतं. ऑइल कशापासून बनलं यापेक्षा ते इंजिनवरच्या चाचण्यांत किती टिकलं याला महत्त्व आहे. नैसर्गिक वायूपासून बनवलेलं बेस ऑइलही गट ३ मध्येच मोडतं, आणि ते उत्तम असतं.

आणि सेमी-सिंथेटिक?

मिनरल आणि सिंथेटिक बेस ऑइलचं मिश्रण. सिंथेटिकचं प्रमाण किती असावं याचा सर्वमान्य नियम नाही, त्यामुळे “सेमी” या शब्दावरून काहीच ठरवता येत नाही. १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० ग्रेडची बरीच ऑइलं या प्रकारची असतात. तिथेही मानक आणि ग्रेड पाहूनच घ्यावं.

मग कॅनवर आधी काय वाचायचं?

एपीआयचं गोल चिन्ह शोधा. वरच्या अर्ध्या भागात मानक लिहिलेलं असतं आणि मध्यभागी ग्रेड. मानकाचं पहिलं अक्षर सी असेल तर ते डिझेलसाठीचं: सीआय-४ २००२ मध्ये आलं, सीजे-४ २००६ मध्ये आणि सीके-४ डिसेंबर २०१६ पासून. सीके-४ मागच्या सगळ्यांच्या जागी चालतं. म्हणजे पुस्तकात सीजे-४, सीआय-४ किंवा सीएच-४ लिहिलं असेल तर सीके-४ घालता येतं.

त्याच दिवशी आलेलं एफए-४ मात्र वेगळं आहे, आणि इथे गोंधळ झाला तर महागात पडतो. एफए-४ मुद्दाम पातळ ठेवलंय. १५० अंश सेल्सिअसला जोराच्या घर्षणात त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, २.९ ते ३.२ सेंटिपॉइज इतकी असते, तर सीके-४ ची किमान ३.५ लागते. एफए-४ हे इंधन वाचावं म्हणून, खास तशाच बनवलेल्या नव्या इंजिनांसाठी काढलं. जुन्या इंजिनात ते घातलं तर बेअरिंगमधला ऑइलचा थर पुरेसा जाड राहत नाही. ओळखायला सोपं जावं म्हणून त्याच्या गोल चिन्हाचा काही भाग गडद छापलेला असतो. दोन्ही १०डब्ल्यू-३० असू शकतात, दोन्ही सिंथेटिक असू शकतात. तरीही एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

युरोपियन गाड्यांना एसीईए या तिथल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेची मानकं लागतात: ई४, ई७, आणि २०२२ पासून ई६ व ई९ यांच्या जागी अनुक्रमे ई८ आणि ई११. त्याच्या वर इंजिन कंपन्यांची स्वतःची मंजुरी असते: कमिन्सची सीईएस २००८६, व्होल्व्होची व्हीडीएस-४.५, मर्सिडीजची एमबी २२८.३१ आणि २२८.५१, स्कॅनियाची एलडीएफ-४. कॅनच्या मागे “मंजूर” लिहिलंय की नुसतं “योग्य”, हे नीट वाचा. पहिल्यात कंपनीने ऑइल तपासून होकार दिलेला असतो. दुसऱ्यात ऑइल विकणारा स्वतःच्या भरवशावर बोलतो.

या मंजुरीला किती अर्थ असतो याचं एक उदाहरण देतो. सीके-४ बाजारात आलं तेव्हा फोर्डने आपल्या डिझेल पिकअपसाठी सरसकट सीके-४ मान्य केलं नाही. काही ऑइलमध्ये फॉस्फरस कमी पडत होतं आणि झीज वाढण्याची भीती होती. म्हणून त्यांनी डब्ल्यूएसएस-एम२सी१७१-एफ१ हे स्वतंत्र मानक काढलं. सिंथेटिक की मिनरल याचा तिथे संबंधच नव्हता, मुद्दा अॅडिटिव्हचा होता.

मिनरल १५डब्ल्यू-४० आणि सिंथेटिक ५डब्ल्यू-४० यांत जास्त दाट कोणतं?

गरम इंजिनात दोन्ही जवळपास सारखीच, कारण दोन्हींचा शेवटचा आकडा ४० आहे: १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. १५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांना होते आणि पंपाने ओढलं जाण्याची उणे २५ ला. ५डब्ल्यूची अनुक्रमे उणे ३० आणि उणे ३५ ला.

सिंथेटिक “पातळ असतं म्हणून लोडला टिकत नाही” हा समज त्यामुळे चुकीचा आहे. सिंथेटिक “जास्त दाट थर देतं” हाही चुकीचाच. ग्रेड ठरवणाऱ्या एसएई या संस्थेच्या तक्त्यात १५डब्ल्यू-४० ला जोराच्या घर्षणातली किमान मर्यादा ३.७ आहे आणि ५डब्ल्यू-४० ला ३.५.

सिंथेटिकचा खरा फायदा कुठे होतो?

सगळ्यात मोठा फायदा थंडीत. मिनरल ऑइलमध्ये मेणाचा अंश असतो. तापमान खूप घसरलं की त्याचे स्फटिक होतात, ऑइल घट्ट होतं आणि चालू केल्यावर वरच्या भागांपर्यंत पोहोचायला उशीर लागतो. तेवढा वेळ कॅमशाफ्ट आणि टर्बो जवळपास कोरडे फिरतात. पीएओमध्ये मेण नसतंच. जिथे पारा उणे १५-२० च्या खाली जातो तिथे ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४० सिंथेटिकबद्दल मी दुसरा विचारही करणार नाही.

दुसरी जागा म्हणजे टर्बो. त्याच्या बेअरिंगमधलं ऑइल प्रचंड तापतं, आणि भरल्या गाडीने लांब चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद केलं तर तिथे साचलेलं ऑइल जळून कोळसा धरतं. सिंथेटिक या उष्णतेला जास्त टिकतं. तरी बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं इंजिन जागेवर चालू ठेवण्याची सवय कोणत्याही ऑइलने सोडू नये.

तिसरी गोष्ट ऑइल खाण्याची. बेस ऑइलमधला हलका भाग उष्णतेने वाफ होऊन उडतो. हे मोजायची नोआक नावाची चाचणी आहे, त्यात ऑइल २५० अंशांवर एक तास ठेवून किती वजन घटलं ते पाहतात. चांगल्या सिंथेटिकचा आकडा इथे कमी येतो, म्हणजे टॉप-अप कमी लागतं.

मध्यम हवामान, मध्यम लोड, नेहमीच्या अंतराने ऑइल बदलणारी गाडी, अशा ठिकाणी चांगलं मिनरल १५डब्ल्यू-४० आपलं काम पूर्ण करतं. तिथे सिंथेटिकने इंजिनाचं आयुष्य दुप्पट होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सिंथेटिक घातलं की बदलायचं अंतर दुप्पट करता येतं ना?

सगळ्यात जास्त पैसा इथे वाचतो आणि सगळ्यात जास्त इंजिनंही इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.

ऑइल खराब का होतं ते पाहू. एक, उष्णता आणि हवेमुळे ते ऑक्सिडाइज होतं, म्हणजे हळूहळू दाट आणि आम्लधर्मी होतं. दोन, जळण अर्धवट राहिलं की काजळी उतरते. ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत सिलिंडरमध्ये सोडणारी यंत्रणा, असलेल्या इंजिनात ती जास्त असते. तीन, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली येतं आणि ऑइल पातळ करतं. चार, इंधनातल्या गंधकापासून आम्ल बनतं आणि ते मारण्यात ऑइलमधला अल्कधर्मी साठा, म्हणजे टीबीएन, संपत जातो. शिवाय एअर फिल्टरमधून धूळ येते, कधी कूलंट झिरपतं.

यातल्या पहिल्याच कारणावर सिंथेटिक बेस ऑइल ठळकपणे वरचढ ठरतं. काजळी, डिझेल, धूळ आणि कूलंट ऑइलची जात विचारत नाहीत. इंजेक्टर गळत असेल तर महागडं ऑइलही तितक्याच वेगाने पातळ होईल.

म्हणून अंतर वाढवायचं की नाही हे गाडीच्या कामावरून ठरतं. महामार्गावर एका वेगाने लांब पल्ला मारणारी गाडी ऑइलला सर्वांत सोपी; तिथे कंपनीने मंजूर केलेलं लांब अंतर सिंथेटिकने बिनधास्त गाठावं. खाणीत, बांधकामावर, कचऱ्याच्या फेऱ्यांवर, दर दोनशे मीटरला थांबणाऱ्या कामावर किलोमीटरचा आकडा फसवा असतो. इंजिन तासन्‌तास जागेवर चालतं, किलोमीटर वाढत नाहीत आणि ऑइल मात्र झिजत राहतं. म्हणून कंपनीचं पुस्तक किलोमीटरबरोबर तासांचीही मर्यादा देतं. जी आधी येईल ती पाळा.

जास्त गंधकाचं डिझेल वापरावं लागत असेल तर आणखी एक काळजी घ्यायला हवी. इंधनात १५ पीपीएमपेक्षा (दहा लाखांत १५ भागांपेक्षा) जास्त गंधक असेल तर सीजे-४ आणि सीके-४ ऑइलचं अंतर कमी करावं लागू शकतं, कारण ही ऑइलं जळल्यावर कमी राख उरावी अशी बनलेली असल्यामुळे त्यांच्यातला अल्कधर्मी साठा मर्यादित असतो. अशा वेळी इंजिन कंपनीला विचारूनच अंतर ठरवा.

ऑइल लगेच काळं झालं. खराब झालं का?

नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच वेळात काळं होतं, कारण ते काजळी उचलून धरतं, आणि तेच त्याचं काम आहे. काजळीचे कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात, नेहमीच्या फिल्टरच्या तावडीत ते सापडत नाहीत. त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारं अॅडिटिव्ह संपलं की ते एकत्र येतात, ऑइल दाट होतं आणि झीज सुरू होते. हे रंगावरून कळत नाही. नुसता फिल्टर बदलल्यानेही काजळी जात नाही.

गाडीला डीपीएफ आहे. काही वेगळं पाहावं लागतं का?

हो, राख. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी पकडणारा फिल्टर. त्यातली काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ करताना, जळून जाते, पण ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकसारख्या धातूंची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साठत जाते. म्हणून सीजे-४ आणि सीके-४ मध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा १ टक्का, फॉस्फरसची ०.१२ टक्के आणि गंधकाची ०.४ टक्के ठेवली आहे. सिंथेटिक आहे म्हणून राख कमी असेल असं अजिबात नाही. ई४ दर्जाचं सिंथेटिक ऑइल भरपूर राखेचं असू शकतं, आणि ते डीपीएफ असलेल्या गाडीत घालणं म्हणजे तो फिल्टर वेळेआधी जाम करणं.

जुन्या इंजिनात सिंथेटिक घातलं तर गळती सुरू होते का?

सुरुवातीच्या काळातल्या पीएओ ऑइलमुळे रबरी सील थोडे आकसायचे, तिथून हा समज आला. आता ऑइलमध्ये सील योग्य आकारात ठेवणारे घटक असतात. राहता राहिली झिजलेल्या सीलची गोष्ट: तिथे चिकटलेला गाळ गळती रोखून धरत असेल, तर नव्या ऑइलने तो सुटला की गळती उघडी पडते. दोष सीलचा असतो. ज्या इंजिनात आधीच ऑइल गळतंय किंवा जळतंय, त्यात महाग ऑइल ओतण्यात मला अर्थ दिसत नाही. आधी दुरुस्ती करून घ्यावी.

दोन्ही एकत्र मिसळली तर चालतात का?

चालतात. एपीआय मानकाची ऑइलं एकमेकांत मिसळतील हे तपासलेलं असतं, जेली वगैरे काही होत नाही. रस्त्यात पातळी कमी झाली आणि तेच ऑइल मिळालं नाही तर त्याच मानकाचं दुसरं घाला. कमी ऑइलवर गाडी चालवणं कितीतरी जास्त धोक्याचं. मात्र मिश्रण झालं की लांब अंतराचा हिशोब सोडा आणि मिनरलच्या अंतराने बदला. मिनरलवरून सिंथेटिकवर जाताना फ्लशिंग लागत नाही, गरम असताना जुनं पूर्ण काढा आणि फिल्टर बदला.

नव्या इंजिनाला आधी मिनरलवर चालवावं लागतं का?

कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येणारी इंजिनं आज कितीतरी आहेत. पुस्तकात वेगळं सांगितलं नसेल तर गरज नाही.

डिझेल किती वाचेल?

१५डब्ल्यू-४० वरून ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० वर गेल्यास साधारण एक टक्क्याच्या आसपास, थोडं कमी-जास्त. ही बचत ऑइल पातळ असल्याची आहे, सिंथेटिक असल्याची नाही. एक टक्का ऐकायला कमी वाटतो, पण वर्षाला लाखभर किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो ऑइलच्या किमतीतला फरक भरून काढू शकतो. अर्थात इंजिन कंपनीने ३० ग्रेडला परवानगी दिली असेल तरच.

परवडतं की नाही, हिशोब कसा करायचा?

लिटरमागे किंमत पाहू नका, किलोमीटरमागे खर्च पाहा. समजा मिनरलने एकदा ऑइल बदलण्याचा खर्च १०० आहे: ७० ऑइलचे, ३० फिल्टर, मजुरी आणि गाडी उभी राहण्याचे. अंतर २५,००० किलोमीटर. सिंथेटिक अडीचपट महाग असेल तर ऑइलचे १७५ आणि बाकीचे तेच ३०, म्हणजे २०५. दोन लाख किलोमीटरमध्ये मिनरल आठ वेळा बदललं, खर्च ८००. सिंथेटिक ४०,००० ला बदललं तर पाच वेळा, १,०२५. तोटा झाला. ६०,००० पर्यंत न्यायची परवानगी आणि तशी परिस्थिती असेल तर सरासरी खर्च सुमारे ६८३ येतो, म्हणजे फायदा.

मोठ्या इंजिनात एका वेळी ३५-४० लिटर ऑइल जातं, त्यामुळे हा फरक खिशाला जाणवतो. गाडी उभी राहण्याचा खर्च बरेच जण धरतच नाहीत. तो धरला तर सिंथेटिकचं पारडं थोडं जड होतं.

अंतर वाढवलं, पण ऑइल अजून चांगलं आहे हे कसं कळणार?

प्रयोगशाळेत नमुना तपासून. इंजिन गरम असताना, ऑइल काढताना सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेतून स्वच्छ बाटलीत नमुना घ्या. नव्या, न वापरलेल्या ऑइलचाही एक नमुना तपासून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

अहवालात व्हिस्कॉसिटी, टीबीएन, आम्ल, काजळी, डिझेलचं प्रमाण आणि धातू येतात. टीबीएन नव्याच्या निम्म्यावर आला की बदलण्याची वेळ जवळ आली असं बरेच जण धरतात. लोखंड वाढलं तर लायनर, कॅम किंवा गिअर. शिसं आणि तांबं बेअरिंगकडे बोट दाखवतात, तांबं कधीकधी नव्या ऑइल कूलरमधूनही येतं. सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम एकदम वाढले तर धूळ आत जातेय, एअर फिल्टर आणि होज पाहा. सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर कूलंटचा संशय घ्या. एका अहवालावरून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका, ओळीने तीन-चार अहवाल झाले की इंजिनाची चाल कळते. अंतर थोडं थोडं वाढवत न्या. वॉरंटीत असलेल्या गाडीत मात्र कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय मर्यादा ओलांडू नका.

वरून घालायच्या अॅडिटिव्हच्या बाटलीने मिनरल ऑइल सिंथेटिकसारखं होतं का?

होत नाही. बाटलीने बेस ऑइल बदलत नाही, उलट चाचण्या करून बसवलेलं रसायनांचं प्रमाण बिघडतं. घालू नका.

डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. सिंथेटिक फुगतं का?

कुठलंच ऑइल फुगत नाही. वाढलंय याचा अर्थ आत काहीतरी मिसळतंय. वास डिझेलचा येत असेल आणि ऑइल बोटावर पाण्यासारखं पातळ लागत असेल, तर इंजेक्टर, इंधन पंप किंवा वारंवार अर्धवट राहणारं रीजनरेशन तपासा. रीजनरेशनसाठी सिलिंडरमध्ये उशिरा फवारलेलं डिझेल भिंतीवरून खाली उतरतं. इंधनात बायोडिझेल असेल तर ते ऑइलमधून सहजासहजी उडूनही जात नाही, कारण ते जास्त तापमानाला उकळतं. ऑइल दुधाळ किंवा पिठूळ दिसत असेल तर पाणी किंवा कूलंट शिरलंय: हेड गॅस्केट, ऑइल कूलर, लायनरचे सील.

दोन्ही प्रसंगी गाडी पुढे नेऊ नका. पातळी फार चढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून अनावर पळू शकतं, आणि मग चावी बंद करूनही ते थांबत नाही. आधी बिघाड दुरुस्त करा, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, ऑइल कालच भरलेलं असलं तरी.